ऐंशी गुणांचे इंग्रजी, वीस गुणांचे बोलणे

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय नवी मुंबईतील वाशी येथे असून मुंबई शहर, उपनगरे, ठाणे, पालघर आणि रायगड या भागांतील दहावी-बारावीच्या परीक्षांचा कारभार तेथून चालतो. राज्यभरात दरवर्षी सुमारे पंधरा-सोळा लाख मुले दहावीला बसतात आणि मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून ही परीक्षा घेतली जाते. त्यांपैकी मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी हा विषय ‘तृतीय भाषा’ म्हणून असतो. गुणपत्रिकेवर त्या विषयासमोर जो एक आकडा छापला जातो, तो मुलाला इंग्रजीत नेमके काय करता येते याविषयी किती सांगतो, हा प्रश्न पालक, महाविद्यालये आणि नोकरी देणारे या सर्वांच्या दृष्टीने महत्त्वाचा असूनही त्याची चर्चा बहुधा निकालाच्या टक्केवारीवरच येऊन थांबते. मोठ्या संख्येने परीक्षा घेणाऱ्या आणि इंग्रजीपासून दूरची मातृभाषा असणाऱ्या मुलांना पारखणाऱ्या चिनी भाषक प्रदेशांनी याच प्रश्नाशी चार दशके झुंज दिली असल्यामुळे त्यांचा अनुभव येथे ताडून पाहण्याजोगा आहे.

भाषेची परीक्षा कशी असावी याचा विचार करणारे शास्त्र दोन कसोट्या मुख्य मानते. एकाच उत्तराला कोणत्याही परीक्षकाने, कोणत्याही दिवशी जवळपास तेवढेच गुण द्यावेत, ही झाली विश्वसनीयता. आणि जे मोजायचे ठरले आहे तेच परीक्षेने मोजावे, ही झाली सप्रमाणता. या दोन कसोट्यांचे एकमेकींशी फारसे जमत नाही, कारण रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नाची तपासणी अत्यंत विश्वसनीय असते, पण त्यावरून मूल बोलू शकते की नाही हे कळत नाही, तर मुलाशी दहा मिनिटे बोलून केलेली परीक्षा सप्रमाण असली तरी दोन परीक्षकांचे तिच्यावर एकमत होईलच असे नाही. मोठ्या परीक्षा साहजिकच पहिल्या बाजूला झुकतात, कारण लाखो उत्तरपत्रिका काही आठवड्यांत तपासायच्या असतात आणि प्रत्येक गुणावर गुणपडताळणीचा अर्ज येऊ शकतो.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 मध्ये झाली आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्या परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या लहान होती आणि इंग्रजी ही पुढील सर्व शिक्षणाची भाषा असल्यामुळे ती वेगळी मोजण्याची गरजही कमी होती. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवावे असे धोरण आले, पुढे ते पाचवीपासून शिकवले जाऊ लागले आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली पहिलीपासून सक्तीचे झाले. आज दहावीला बसणारे मूल त्यामुळे दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. या निर्णयावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. मात्र वर्षे वाढवल्यानंतर मोजण्याची रीतही बदलावी लागेल, हा मुद्दा त्या वादात मागेच राहिला.

तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी भाग 80 गुणांचा असतो आणि त्याला प्रश्नपत्रिकेऐवजी ‘कृतिपत्रिका’ म्हटले जाते. भाषाभ्यासाच्या लहान कृती, पाठ्यपुस्तकातील उतारे, कविता, पाठ्येतर उतारा, पत्रासारखे लेखन आणि माहितीचे रूपांतर, म्हणजे तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता, अशी तिची रचना आहे. शेवटी इंग्रजी शब्द, वाक्ये आणि एखादी म्हण माध्यमभाषेत आणण्याचा पाच गुणांचा प्रश्न असतो. कागदावर पाहिल्यास ही रचना जुन्या प्रश्नोत्तरांच्या परीक्षेपेक्षा निश्चितच बरी आहे. पाठ्येतर उतारा मुलाने आधी वाचलेला नसतो, म्हणून तेथे खरे वाचनकौशल्य दिसते. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांचे मात्र तसे नाही, कारण वर्षभर वर्गात घोटलेल्या उताऱ्यावर विचारलेला प्रश्न आकलनापेक्षा स्मरण अधिक मोजतो, आणि उताऱ्याखाली ‘वैयक्तिक प्रतिसाद’ मागणारी जी कृती असते, तिच्यासाठीही मार्गदर्शकांतून तयार प्रतिसाद पाठ करून नेण्याची सोय झालेली आहे. पाणी वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल या प्रश्नाला शेकडो मुलांनी एकाच क्रमाने एकाच वाक्यांत दिलेले उत्तर वैयक्तिक कसे मानावे, हे कोणत्याही आदर्श उत्तरपत्रिकेत सांगितलेले नसते.

परीक्षेमुळे अध्यापनावर जो परिणाम होतो त्याला भाषाचाचणीच्या शास्त्रात ‘वॉशबॅक’ अशी संज्ञा आहे. परीक्षा बदला म्हणजे शिकवणे आपोआप बदलेल, असा एक आशावाद त्या संज्ञेमागे दीर्घकाळ होता. चार्ल्स ऑल्डरसन आणि डायान वॉल यांनी 1993 मध्ये एका गाजलेल्या निबंधात हा परिणाम खरोखर घडतो का, असा प्रश्नच विचारला आणि श्रीलंकेतील अनुभवाच्या आधारे त्याविषयी सावध राहण्यास सांगितले. चीनमधील उदाहरण याहून बोलके आहे. क्वांगचौ येथील परकीय भाषा संस्थेतील क्वेइ शिछून व ली श्याओच्यू यांच्या पुढाकाराने 1985 पासून क्वांगतुंग प्रांतात विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीचे नवे रूप आजमावले गेले आणि व्याकरणाच्या घोकंपट्टीऐवजी भाषेचा प्रत्यक्ष वापर तपासावा हा त्यामागील हेतू होता. लेखनाच्या प्रश्नात मुद्दाम प्रसंग, वाचक आणि उद्देश दिला जाई, जेणेकरून मुलाने कोणाला व कशासाठी लिहायचे आहे याचा विचार करावा. पुढे छी लूशिया यांनी शाळांत जाऊन अभ्यास केला तेव्हा असे आढळले की शिक्षक व विद्यार्थी दोघेही त्या प्रसंगाकडे फारसे पाहत नव्हते. त्यांचे लक्ष व्याकरणाची शुद्धता आणि सुवाच्य अक्षर यांवर होते, कारण गुण त्यावरच मिळतात अशी त्यांची समजूत होती. हाँगकाँगमध्ये 1996 साली इंग्रजीची परीक्षा बदलली तेव्हा चेंग लीयिंग यांनी टिपलेले चित्रही असेच होते: प्रकाशकांनी नवी पुस्तके तत्परतेने काढली, वर्गातील कृतींची नावे बदलली, पण शिकवण्याची पद्धत जवळपास तीच राहिली. महाराष्ट्रात ‘प्रश्नपत्रिका’ जाऊन ‘कृतिपत्रिका’ आल्यावर जे घडले ते यापेक्षा फार वेगळे नाही, आणि त्याचा दोष केवळ शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे आहे, कारण ज्या परीक्षेवर मुलाचा अकरावीचा प्रवेश अवलंबून असतो तिच्यासाठी मुलाला सुरक्षित वाटेने नेणे हाच शिक्षकाचा व्यवहार्य धर्म ठरतो.

मातृभाषेचा प्रश्न येथे आणखी एका अंगाने येतो. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, उपपदे नाहीत, अनेकवचनाचे चिन्ह सहसा लागत नाही आणि ‘तो’, ‘ती’ व ‘ते’ यांचा बोलण्यातील उच्चार एकच असतो. म्हणून चिनी भाषक विद्यार्थी इंग्रजी बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ यांची वारंवार अदलाबदल करतो आणि ‘यस्टरडे आय गो’ असे म्हणतो. मराठी मुलाला काळाची ही अडचण तेवढी पडत नाही, परंतु ‘तो काल आला आहे’ हे मराठीत बिनचूक असल्यामुळे तो ‘ही हॅज कम यस्टरडे’ असे निःशंकपणे लिहितो. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग’ हे वाक्य सुटते. आणि मराठीतही चिनीप्रमाणे उपपदे नसल्यामुळे ‘ए’, ‘ॲन’ व ‘द’ यांची जागा दोघांनाही शेवटपर्यंत चकवते. उच्चारांत ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतील भेद, किंवा ‘शिप’ व ‘शीप’ यांतील ऱ्हस्वदीर्घ, मराठी कानाला शिकवावे लागतात. लेखनात मात्र वेगळीच अडचण उभी राहते, कारण देवनागरीत जसे बोलावे तसे बहुतांशी लिहिता येते आणि या सवयीच्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ लहर वाटते. ही यादी महत्त्वाची अशासाठी की, यांतील बहुतेक चुका अज्ञानाच्या नसून मातृभाषेच्या नियमांवरून केलेल्या तर्काच्या आहेत, आणि अशी चूक पाहून मूल कुठे अडले आहे हे सांगणारी नैदानिक चाचणी, म्हणजे गुण देण्याऐवजी निदान करणारी चाचणी, मंडळाच्या परीक्षेने कधी दिलेली नाही. ते तिचे काम नाही असे म्हणता येईल. मग ते कोणाचे, याचे उत्तर मात्र शोधावे लागते.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, सारसोळे यांसारख्या मूळ गावांतील आगरी-कोळी घरांत मुलाची पहिली बोली प्रमाण मराठी नसते. माथाडी कामगारांच्या कुटुंबांतून सातारा-सांगलीकडील मराठी येते. तुर्भे व दिघा परिसरात घरी एक भाषा, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी अशी मुले आढळतात. अशा मुलाची ‘तृतीय’ भाषा प्रत्यक्षात चौथी असते. परीक्षेतील भाषांतराचा प्रश्न त्याच्याकडून प्रमाण मराठीचीही अपेक्षा करतो, म्हणजे इंग्रजी वाक्य समजूनही योग्य मराठी शब्द न सुचल्याने गुण जाऊ शकतो. भाषांतराची दिशाही लक्षात घेण्यासारखी आहे, कारण शांघायची प्रवेशपरीक्षा आणि तैवानची विद्यापीठ-प्रवेशाची चाचणी यांत चिनीतून इंग्रजीत भाषांतर करावे लागते, ज्यातून मुलाची निर्मितिक्षमता कळते. महाराष्ट्रात इंग्रजीतून माध्यमभाषेत करावे लागते, ज्यातून केवळ आकलन कळते.

नवी मुंबईतील अनेक शाळांनी स्वीकारलेल्या ‘सेमी-इंग्रजी’ पद्धतीत गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून असतात. अशा मुलाचे इंग्रजी विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेतही पणाला लागते, कारण प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम समजलेला असूनही तो इंग्रजीत मांडता न आल्यास गुण विज्ञानाचे जातात. भाषाचाचणीच्या दृष्टीने हा सप्रमाणतेचाच दोष आहे, विज्ञान मोजायला ठेवलेल्या परीक्षेने भाषा मोजल्याचा. पण या दोषाची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

या सगळ्यात कळीची बाब आहे ती उरलेल्या 20 गुणांची. श्रवण व संभाषण यांची ही तोंडी परीक्षा शाळेतच विषयशिक्षक घेतात आणि गुण मंडळाकडे पाठवतात. शंभरपैकी 35 गुणांना उत्तीर्ण मानले जात असल्याने, आणि लेखी व तोंडी गुणांची बेरीज धरली जात असल्याने, तोंडीत 18 गुण मिळालेल्या मुलाला लेखी भागातील 80 पैकी 17 गुण पुरतात. हे गुण किती निर्णायक आहेत हे 2019 मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. त्या वर्षी नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण रद्द करून लेखी परीक्षा पूर्ण शंभर गुणांची करण्यात आली आणि दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. अन्य मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळत असताना राज्य मंडळाची मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडणार, अशी ओरड झाली. काही आठवड्यांतच 80 आणि 20 ची जुनी विभागणी परत आणण्याचा निर्णय झाला, आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2019 च्या घसरणीत नव्या अभ्यासक्रमाचाही वाटा होता, तर 2020 मध्ये महासाथीमुळे भूगोलाची परीक्षाच रद्द होऊन सरासरीने गुण द्यावे लागले होते, तेव्हा हा सगळा फरक तोंडी परीक्षेच्या खात्यावर टाकणे चुकीचे होईल. तरीही त्या वादात एक गोष्ट विलक्षण होती: गुण ठेवावेत की काढावेत यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले, पण ते गुण कशाचे आहेत, मूल खरोखर काय बोलले, याची विचारणा जवळजवळ कोणीच केली नाही.

तोंडी परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेणे अशक्य आहे, हा आक्षेप टिकणारा नाही. 2024 मध्ये चीनच्या ‘काओखाओ’ या प्रवेशपरीक्षेसाठी 1 कोटी 34 लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली. तेथे इंग्रजी 150 गुणांचे असते आणि अनेक प्रांतांत त्यांतील 30 गुण श्रवणाचे असतात. क्वांगतुंगमध्ये 2011 पासून श्रवण व संभाषणाची परीक्षा संगणकावर होते, ज्यात मूल चित्रफितीतील निवेदनाचे अनुकरण करत उतारा मोठ्याने वाचते, दिलेल्या भूमिकेत प्रश्न विचारते व उत्तरे देते आणि ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगते. प्रत्येकाचे बोलणे ध्वनिमुद्रित होते, त्यामुळे शंका आल्यास ते पुन्हा ऐकता येते. हाँगकाँगच्या 2012 पासूनच्या शालान्त परीक्षेत चार मुलांना एकत्र बसवून दहा मिनिटांच्या तयारीनंतर आठ मिनिटे चर्चा करायला लावतात आणि त्यानंतर प्रत्येकाला एक स्वतंत्र प्रश्न विचारतात, तेही बाहेरच्या परीक्षकांसमोर. भारतातही घरोघर जाऊन एकेका मुलाला वाचायला लावणारे ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून चालू आहे. त्याच्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयोगटातील 57.3 टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. ही पाहणी अगदी प्राथमिक पातळीची आहे, परंतु तिचे निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतात: इतकी मुले वाचतात, इतक्यांना समजते. दहावीच्या इंग्रजीत 62 गुण मिळवणाऱ्या मुलाविषयी असे एक वाक्यही सांगता येत नाही.

असे वाक्य सांगता यावे यासाठी युरोप परिषदेने 2001 मध्ये भाषाक्षमतेची सहा पातळ्यांची चौकट मांडली, आणि चीनने 2018 मध्ये स्वतःची नऊ पातळ्यांची इंग्रजी प्रमाणके जाहीर केली. अशा चौकटीत पातळी म्हणजे इतरांशी केलेली तुलना नसते, तर ‘परिचित विषयावरील साधी सूचना समजते’, ‘आपल्या मताला एखादे कारण देता येते’ अशा कृतींचे वर्णन असते. शिक्षणशास्त्रात त्याला निकष-संदर्भित मूल्यमापन म्हणतात. ऐरोली आणि महापे येथील माहिती-तंत्रज्ञान व ग्राहकसेवेच्या कंपन्या मुलाखतीला आलेल्या तरुणाशी फोनवर किंवा समोरासमोर पाच-दहा मिनिटे बोलून नेमकी अशीच पारख करतात, त्यांना दहावीची गुणपत्रिका पुरत नाही. मराठी माध्यमातील पुष्कळ तरुणांच्या बाबतीत त्यांचे इंग्रजी कोणीतरी लक्षपूर्वक ऐकण्याचा तो पहिलाच प्रसंग असतो, आणि त्यात अपयश आले तर ते शाळेच्या खात्यावर न जाता तरुणाच्या खात्यावर जाते.

शाळेने दिलेले तोंडी गुण विश्वसनीय करण्यासाठी हाँगकाँगमध्ये वापरली जाणारी एक रीत महाराष्ट्रात फारशी चर्चेत नाही. तेथे शाळेने स्वतः दिलेले अंतर्गत गुण जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत, तर त्या शाळेच्या मुलांना सार्वजनिक परीक्षेत मिळालेल्या गुणांशी ते ताडून पाहिले जातात, आणि शाळेने हात सैल सोडला किंवा आखडता घेतला असेल तर सगळ्या गटाचे गुण वरखाली सरकवले जातात. मुलांचा शाळेने लावलेला आपसातील क्रम मात्र बदलत नाही. याला सांख्यिकीय नियमन म्हणतात. वाशीच्या कार्यालयाकडे प्रत्येक शाळेचे 80 आणि 20 हे दोन्ही आकडे दरवर्षी जमा होतातच. ज्या शाळेत लेखी सरासरी 80 पैकी 25 आहे आणि तोंडी सरासरी 20 पैकी 19, तिचे नाव शोधण्यासाठी नवी परीक्षा घ्यावी लागत नाही.

या उपायालाही मर्यादा आहे, आणि ती नवी मुंबईत विशेष जाणवेल. लिहिणे व बोलणे ही वेगळी कौशल्ये असल्यामुळे, तुर्भ्याच्या बाजारात रोज चार भाषा कानावर पडणारे आणि त्यामुळे मोडकेतोडके का होईना पण न घाबरता इंग्रजी बोलणारे मूल लेखी परीक्षेत मागे राहू शकते. केवळ लेखी गुणांवरून त्याच्या शाळेचे तोंडी गुण कापले तर त्या मुलावर अन्याय होईल. म्हणून आकड्यांच्या तुलनेतून संशय यावा तेथे प्रत्यक्ष बोलणे ऐकावे लागेल. उत्तरपत्रिकांसाठी परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी उतरंड मंडळाकडे आहेच. प्रत्येक शाळेतून चिठ्ठीने निवडलेल्या चार-पाच मुलांच्या तोंडी परीक्षेचे मोबाईलवर केलेले ध्वनिमुद्रण दुसऱ्या तालुक्यातील नियामकाने ऐकावे, एवढी भर त्या उतरंडीत घालता येते. प्रश्न मात्र पाठ करून देता येणार नाही असा हवा. घणसोलीहून बेलापूरला लोकलने कसे जायचे, मध्ये गाडी बंद पडली तर काय करायचे, हे अनोळखी माणसाला इंग्रजीत समजावून सांग, असे म्हटल्यावर मुलाने उपपद चुकवले तरी त्या माणसाला वाट सापडेल की नाही हे नियामकाला ध्वनिमुद्रण ऐकून ठरवता येते, आणि त्या निर्णयाला 20 पैकी किती गुण द्यायचे याची पट्टी त्यानंतरच आखता येते.